नसलेला डबा

८ ऑक्टोबर २०२४, मंगळवार

साक्षीदार मिळाली. छत्तीस वर्षांनी!

सकाळी अकराला फोन वाजला तेव्हा मी वाचनगटाच्या पुस्तकात खुणा करत बसले होते. ब्रॉन्वेन बोलत होती — पोलिसांच्या जुन्या प्रकरणांच्या पथकातली. आमच्या घराशी संपर्क ठेवायचं काम तिच्याकडे आहे. तिने आधी विचारलं, तुम्ही बसलेल्या आहात ना? मी म्हटलं, मी एकाहत्तर वर्षांची आहे, या वेळेला बसलेलीच असते. मग ती म्हणाली, एक बाई आपणहून पुढे आली आहे. त्या संध्याकाळी ती तिथे होती. तिने पाहिलंय. एकाचं नाव सांगितलंय आणि तो माणूस जिवंत आहे.

अलका मागच्या बागेत कपडे वाळत घालत होती. मी जाऊन सांगितलं. तिने हातातली उशीची खोळ दोरीवर सरळ केली, दोन्ही चिमटे लावले आणि मग तिथेच बसली. ओल्या गवतावर. मीही बसले. शेजारच्या बाईने खिडकीतून पाहिलं आणि पडदा सोडला.

या गोष्टीवर मी शेकडो वेळा बोलले आहे. वहीत मात्र साध्या शब्दांत कधी लिहिली नाही. आज लिहिते, भाषण न होऊ देता.

मोहन माझा धाकटा भाऊ. इथे इंग्लंडात, ब्रॅमफोल्ड गावच्या हॉस्पिटलात ज्युनिअर डॉक्टर, वय सत्तावीस. १७ नोव्हेंबर १९८८, गुरुवार. ड्यूटी संपवून संध्याकाळी साडेसातला, तळलेले मासे-बटाटे विकणाऱ्या चिप शॉपसमोर, बसमधून उतरला. तिघा गोऱ्या पोरांनी त्याला घेरलं. ते काय ओरडत होते ते वरच्या मजल्यांवर ऐकू गेलं. तो शब्द मी इथे लिहिणार नाही. साडेआठला मोहन गेला. अलका, त्याची बायको, चोवीस वर्षांची होती. पाचवा महिना. त्या वेळचा इन्स्पेक्टर म्हणाला, दारूच्या भरातली मारामारी. मोहन दारू पीत नव्हता. आणि भांडायचं म्हणाल तर तो माझ्याशीसुद्धा भांडू शकला नाही. ते तर कुणालाही जमतं!

मार्चमध्ये चैत्राली झाली. शिक्षा कुणालाच झाली नाही. आरोपसुद्धा नाही.

अलका तेव्हापासून माझ्याकडे आहे, बर्मिंगहॅमला. की मी तिच्याकडे आहे? स्वयंपाकघर तिचं, पुस्तकं माझी.


९ ऑक्टोबर

अलकाने मसाल्यांचं कपाट रिकामं करून पुन्हा लावलं. दोनदा.


११ ऑक्टोबर, शुक्रवार

ब्रॉन्वेन येऊन गेली. अलकाने पोहे केले होते, तिने दोनदा घेतले. पोलिसांना मी छत्तीस वर्षं नावं ठेवत आले, पण ही मुलगी मला आवडते. मोहन गेला तेव्हा ती शाळेतही जात नव्हती.

बाईचं नाव सांगता येत नाही म्हणाली. तेव्हा ती चिप शॉपच्या वर राहायची. त्या तिघांतला एक तिचा भाऊ होता. त्याच्या धाकाने गप्प राहिली. तो या उन्हाळ्यात वारला. दुसरा कधीचाच गेलाय. तिसऱ्याचं नाव तिने दिलंय. आवाज, चेहरा, कोट, सगळं सांगितलंय.

अलकाने एकच विचारलं. ती बाई खाली आली होती का? ह्यांच्याजवळ कुणी होतं का?

ब्रॉन्वेन म्हणाली, हो. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ती फुटपाथवर बसून होती. मोहनचा हात धरून. गर्दी जमल्यावर भाऊ परत येऊन तिला ओढून घेऊन गेला.

अलकाने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. आम्ही इतकी वर्षं समजत होतो की तो एकटा होता.

मग निघताना, कोट घालता घालता, ब्रॉन्वेन म्हणाली की खरं तर हे सांगायचं नसतं, पण तुम्हाला बरं वाटेल. त्या बाईने डब्याचंही सांगितलंय. तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा, त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. "तुम्ही इतकी वर्षं सांगताय तेच. अगदी जुळतंय." आणि तो डबा त्या वेळच्या पोलिसांनी हरवला, त्याबद्दल तिला आमची माफी मागायची होती. आमच्या दारात उभी राहून तिने माफी मागितली.

मी थँक यू म्हणाले. दार लावलं. जिन्याच्या पायरीवर बसले.


१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

मोहनच्या हातात डबा नव्हता.

हे वाक्य मी आजवर कुठेही लिहिलेलं नाही. लिहून पाहिलं. वही फाटली नाही.

२१ जानेवारी १९८९. ब्रॅमफोल्डच्या चर्चचा हॉल, आमची पहिली जाहीर सभा. दीडशे माणसं, हीटर बंद, सगळे खोकत होते. माझ्याआधी एक कौन्सिलर वीस मिनिटं आकडे वाचून गेला होता. मी अकरा पानं लिहून नेली होती. कायदा, इतिहास, आजवर या देशात रस्त्यावर मारल्या गेलेल्यांची नावं. तिसऱ्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं, लोक हातून चाललेत. पुढच्या रांगेतला एक म्हातारा टोपी चाचपत होता. एक बाई हातमोजे चढवत होती. माझा भाऊ मेला होता आणि ती हातमोजे चढवत होती!

मी पानं खाली ठेवली. आणि तोंडातून आलं — त्याच्या हातात डबा होता. बायकोने सकाळी सहाला उठून भरून दिलेला. स्टीलचा, तीन कप्प्यांचा. त्यांनी लाथा मारल्या, पण त्याने तो डबा सोडला नाही.

कुठून आलं? ठाऊक नाही. आई आमच्या बाबांना तसा डबा द्यायची. तोच आला असेल.

खोकला थांबला. हातमोजेवाली रडायला लागली. आणि मला — हेही लिहायलाच हवं — मला आनंद झाला. भावाच्या मरणाबद्दल बोलताना, हॉल हातात आल्याचा आनंद.

दुसऱ्या दिवशी पेपरात तेच वाक्य. मग बॅनरवर डबा आला. मग बिल्ला. कम्युनिटी सेंटरच्या भिंतीवर मुलांनी सहा फुटी डबा रंगवला. मग कुणीतरी विचारलं, तो डबा आता कुठे आहे? मी म्हटलं, पोलिसांनी हरवला! टाळ्या.

अलकाने श्रीखंड केलंय. मी दोन वाट्या खाल्ल्या. तिने विचारलं, वन्सं, आज इतक्या गप्प का? घसा बसलाय का? मी म्हटलं, हो.


१५ ऑक्टोबर, मंगळवार

दिवसभर स्वतःशी वाद घातला. जिंकले. सवयच आहे.

बाईने चेहरा पाहिला, तो खरा. नाव दिलं, ते खरं. हात धरला, तोही खरा. मध्ये एक डबा घुसला, त्याने काय बिघडतं? माझं वाक्य छत्तीस वर्षं त्या गावात फिरतंय. ते तिच्या आठवणीत शिरून बसलंय आणि तिला वाटतं आपण पाहिलं. ती खोटं बोलत नाही. खोटं मी बोलले होते.

संध्याकाळी हरले.

मी वकील असते आणि त्या माणसाची बाजू लढवत असते, तर काय केलं असतं? १९८९चा पेपर काढून कोर्टात ठेवला असता. ही बाई जे पाहिलं म्हणते ते तिने वाचलंय. मग डबा खोटा. मग चेहराही खोटा. मग तो तिसरा माणूस घरी जातो, आणि त्याच गुन्ह्यासाठी त्याला पुन्हा उभं करणं जवळजवळ अशक्य.

आणि त्यांच्या लक्षातच आलं नाही तर? तर त्याला शिक्षा होईल. मला हवी ती. पण ज्या साक्षीवर होईल तिच्यात माझं एक वाक्य असेल. पोलिसांनी कागदावर खोटं लिहिलं म्हणून मी अर्धं आयुष्य ओरडत आले. आता गप्प बसले तर त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय?

सांगितलं तर कदाचित काहीच होणार नाही. अलका साठीची झाली. दुसरा साक्षीदार येणार नाही.


२० ऑक्टोबर, रविवार

चैत्राली आली होती, ब्रॅकनेलहून दोन तास गाडी चालवून. तिथल्या कॉम्प्युटर कंपनीत आहे, बत्तीस माणसं तिच्या हाताखाली, आणि आत्याच्या घरी आली की अजून पायमोज्यांवर जिना घसरत उतरते. अलका दुकानात गेली तेव्हा मी तिला सांगितलं. सगळं. हॉल, हातमोजे, डबा.

तिने आधी विचारलं, आईला माहीत आहे का? मी म्हटलं, नाही.

मग ती उठून खिडकीशी गेली. तिचं मराठी रागात आणखी मोडतं, आणि मला ते मोडकं मराठी फार प्रिय आहे. आज मात्र ते ऐकवेना.

"आत्या, कोणी विचारला तुला? नाही ना? मग गप्प बस. प्लीज. फॉर वन्स इन युअर लाइफ, गप्प बस."

मी म्हटलं, बाळा, कोर्टात हे —

"शाळेत मी तो डबा घेऊन गेला होता. शो अँड टेलला. सेम डबा, लेस्टरहून आणलेला. सगळ्यांना सांगितला, माझा बाबाने असा धरला होता." मग खूप हळू — "माझ्याकडे बाबाचा तेवढाच एक गोष्ट होता. तो पण तूच बनवलास?"

मी म्हटलं, हो. ज्या बाईने दोन मंत्र्यांना मंचावर गप्प केलं होतं तिला तेवढंच सुचलं!

अलका परत आली तेव्हा चैत्राली गाडीत बसून होती. आईला खिडकीतूनच मिठी मारली आणि गेली.


२२ ऑक्टोबर

लायब्ररीतून चार पुस्तकं आणली. एकही उघडलं नाही.


२७ ऑक्टोबर, रविवार

आज हिवाळी वेळ सुरू, घड्याळं एक तास मागे. अलका स्टुलावर चढून स्वयंपाकघरातलं घड्याळ उतरवत होती. मी स्टूल धरून उभी होते. तिथेच सांगून टाकलं. तिचा चेहरा दिसत नव्हता म्हणून जमलं असेल.

म्हटलं, अलका, त्या दिवशी मोहनच्या हातात डबा नव्हता. मी ते त्या सभेत बनवलं.

तिने काटे फिरवले. घड्याळ परत खिळ्याला लावलं. खाली उतरली.

"मला माहीत आहे, वन्सं."

साहजिकच! तिला माहीत नसेल तर कुणाला असणार? डबा भरणारी ती होती. न भरणारी ती होती. छत्तीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी सभेकडे पाहत होते.

आम्ही टेबलाशी बसलो. ती खाली पाहत बोलत होती, टेबलावरचा एक डाग नखाने खरवडत. ते दिवस तिला फार जड गेले होते. पाचवा महिना लागला तरी सकाळी उलट्या थांबत नव्हत्या. त्या गुरुवारी ती उठलीच नाही. त्याने स्वतः टोस्ट केला, तिच्या उशाशी पाण्याचा ग्लास ठेवला, झोप म्हणाला. ती कुशीवर वळली. त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही. दार लागल्याचा आवाज तेवढा ऐकला.

"तुम्ही त्या हॉलमध्ये म्हणालात, सकाळी सहाला उठून तिने डबा भरला. मी मागे बसले होते, पोटावर हात ठेवून. मला वाटलं, बरं झालं. निदान या लोकांपुरती तरी मी उठले होते." मग हसली. "दर नोव्हेंबरच्या सभेत तुम्ही मला उठवायचात."

मी तिचा हात धरला. तिने धरू दिला. अठ्ठावीस वर्षं चष्म्याच्या दुकानात नोकरी केली तिने, लोकांच्या नाकावर चष्मे नीट बसवले. हात अजून तसेच आहेत, हलके.

मी म्हटलं, सांगितलं तर सगळं जाईल. त्या माणसाचं नाव जाईल.

तिने विचार केला. अलका विचार करते तेव्हा डोळे मिटते. मी आयुष्यभर तिला घाई केली. आज केली नाही.

"सांगून या," ती म्हणाली. "हे डबा नेत नसत. कॅन्टीनचं खायचे, आणि त्यांना ते आवडायचंसुद्धा. तेवढं तरी त्यांचं त्यांना परत द्या."


२९ ऑक्टोबर, मंगळवार

सांगून आले.

पोलीस स्टेशनची खोली, खिडकी नाही, टिश्यूचं खोकं. ब्रॉन्वेन लिहून घेत होती. डब्यापाशी तिचं पेन थांबलं. तिने वर पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती थकली.

तिने पुन्हा पहिल्यापासून विचारलं. तारीख, हॉल, नेमके शब्द. मग म्हणाली, हे लपवता येणार नाही, समोरच्या वकिलांनाही दाखवावं लागेल. आणि आता सतरा नोव्हेंबरच्या वार्षिक सभेत पुराव्याबद्दल चकार शब्द नको. डब्याचा नकोच. का नको, तेही सांगायचं नाही.

दीड पान झालं. शेवटी सही. आयुष्यात इतकी भाषणं केली, पण याहून लहान आणि याहून जड काही मी बोलले नाही.

दारापर्यंत सोडायला आली. माझा मफलर खुर्चीवर राहिला होता, तो तिने आणून माझ्या गळ्यात घातला.


१ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवाळी. चैत्राली आली नाही. आईला व्हॉट्सॲपवर पणतीचा फोटो. मला काही नाही.

अलकाने फराळाचं पार्सल केलं ब्रॅकनेलला. चकल्या एकेक कागदात गुंडाळून, तुटू नयेत म्हणून. पोस्टात पाहिलं तर पाठवणाऱ्याच्या जागी तिने माझं नाव घातलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, माझं तिला माहीतच आहे.


८ नोव्हेंबर, शुक्रवार

ब्रॉन्वेनचा फोन. सरकारी वकिलांचं म्हणणं आलं. आहे त्या साक्षीवर त्या माणसाला उभं करता येणार नाही. बाईला पुन्हा एकदा भेटतील. याहून जास्त तिला सांगता येत नाही, आणि आम्ही फार आशा ठेवू नये.

मी अलकाला विचारलं, रागावलीस का माझ्यावर? ती म्हणाली, हो. आणि चहात साखर घालू की शुगर-फ्रीची गोळी, ते विचारलं.

मी गोळी म्हटलं. तिने साखर घातली.


१७ नोव्हेंबर, रविवार

सकाळी आठला दारात गाडी उभी. चैत्राली! कुणी बोलावलं नव्हतं. तिने माझ्यासाठी पुढचं दार उघडलं. मी बॅनर घेतलं नाही. तिने ते पाहिलं. पट्टा लावताना माझा हात अडखळला तर तिने वाकून लावून दिला. मला तेवढं पुरे.

ब्रॅमफोल्डला चिप शॉपच्या जागी आता नखं रंगवायचं दुकान आहे. स्टॉप तोच. आम्ही फुलं ठेवली. मग हॉल. चाळीसेक माणसं, निम्मी माझ्याएवढी म्हातारी. दोन-तीन कॉलेजच्या पोरी बिल्ले लावून आलेल्या, छातीवर चिमुकला डबा. त्यांच्याकडे पाहवेना.

मी उभी राहिले. म्हटलं, यंदा मी बोलणार नाही. का, ते आज सांगता येत नाही. सांगता येईल तेव्हा याच हॉलमध्ये सांगेन, आणि तेव्हा तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. एवढं बोलून खाली बसले. कुणीतरी कुजबुजलं, वीणाची तब्येत बरी नसेल. माझं गप्प बसणं म्हणजे लोकांना आजारपण वाटतं!

आता काय, म्हणून सगळे इकडेतिकडे पाहू लागले. आणि अलका उठली.

छत्तीस वर्षांत ती तिथे बोलली नव्हती. पुढे गेली नाही. जागेवरच उभी राहून, समोरच्या खुर्चीची पाठ धरून, इंग्रजीत बोलली. माझा नवरा सगळीकडे उशिरा जायचा, ती म्हणाली. लग्नालाही उशिरा आला, भटजी ओरडले. तो पोह्यांवर टोमॅटो केचप घालायचा. तो कुत्र्यांना घाबरायचा, आणि मोठ्या बहिणीला. भीती वाटली की गुणगुणायचा, फार बेसूर. आज तो त्रेसष्ट वर्षांचा असता आणि त्याला टक्कल पडलं असतं, कारण त्याच्या घरात सगळ्यांना पडतं. मला तो टकला पाहायचा होता.

आणि बसली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक हसत होते आणि नाकं पुसत होते. मी चाळीस वर्षं भाषणं करतेय. असं भाषण मी एकदाही केलेलं नाही.

परतताना मोटरवेवर चैत्रालीने गाडीतलं गाणं बंद केलं. आरशात आईकडे बघून म्हणाली, "अजून सांग ना. त्याचा अजून."

बर्मिंगहॅम येईपर्यंत अलका सांगत होती. काही गोष्टी मलाही ठाऊक नव्हत्या. उतरताना पोरीने माझ्या गालाला गाल लावला. तिचा गाल ओला होता. "चकल्या तू पाठवला का आई?" मी खरं ते सांगितलं. हसली. म्हणाली, आत्या, आता तू खरा बोलायला लागली की थांबणारच नाहीस.


२८ नोव्हेंबर

फोन नाही. अलका म्हणते, नसू दे. आणि फोन जवळ घेऊन कणीक मळते.


११ डिसेंबर, बुधवार

ब्रॉन्वेन आली. न कळवता. पोहे नको म्हणाली. अलकासमोर एक फोटो ठेवला आणि विचारलं, हे ओळखता का?

कागदाची एक लांब पट्टी, दुमडलेली, एका कोपऱ्यात काळपट डाग. भिंतीच्या रंगांचे चौकोन — दुकानात फुकट मिळतात तसले. एका पिवळ्यावर पेनाने खूण. खुणेशेजारी मोहनचं अक्षर: मागची खोली, मार्चच्या आत. चैत्राली मार्चची.

हे त्याच्या मुठीत होतं. तेव्हापासून सीलबंद पिशवीत आहे, यादीत नुसतं 'कागद' म्हणून. पोलिसांबाहेर कुणी पाहिलेलं नाही. आम्हीही नाही. त्या बाईला विचारलं, डबा तू डोळ्यांनी पाहिलास का? ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, नाही, ते मी हॉलमध्ये ऐकलं. दर वर्षी दाराशी उभी राहून ऐकायचे. मग मी पाहिलं काय होतं? रंग. त्याच्या हातात रंग होते. मी मूठ उघडायला गेले तर त्याने उघडू दिली नाही.

"हे तिला कुणी सांगितलेलं असणं शक्य नाही," ब्रॉन्वेन माझ्याकडे पाहून म्हणाली. "तुम्हीसुद्धा नाही."

त्या माणसाला आज सकाळी अटक झाली.

अलकाने फोटो खिडकीशी नेला. उजेडात धरला. चैत्रालीला फोन लावला होता, तो टेबलावर तसाच पडून होता, तिकडून ती हॅलो हॅलो म्हणत होती.

"मला विचारलं नाही ह्यांनी," अलका म्हणाली. "मी हिरवा म्हटलं असतं."